पॅशन फ्रूट खाऊन रक्त वाढतं का? जांभळ्या आणि पिवळ्या वाणांत खरा फरक काय, समजून घ्या

"हे फळ रोज खा, महिन्याभरात रक्त वाढेल. जांभळ्या जातीत लोहच लोह." अशा अर्थाचे व्हिडिओ गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतात. फळ असतं पॅशन फ्रूट, आणि व्हिडिओच्या शेवटी हमखास रोपांसाठी एक मोबाईल नंबर असतो.

आमच्या नात्यातल्या एका वहिनींनी असाच व्हिडिओ बघून दोन रोपं मागवली. तपासणीत हिमोग्लोबिन कमी आलं होतं आणि उपकेंद्रातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्यांनी त्यांना मळमळायचं. त्यांचा हिशोब सरळ होता, गोळ्या बंद आणि फळ चालू. वेल मांडवावर चढला, दुसऱ्या वर्षी फुलांनी लगडला, पण फळ एकही धरेना. मग मला फोन आला. "भाऊजी, एवढी फुलं येतात, फळ का धरत नाही?" मी आधी विचारलं, "गोळ्या घेताय ना?" पलीकडून काही उत्तर आलं नाही.

या एका फोनमध्ये दोन्ही प्रश्न आले. या फळात नेमकं काय आहे, आणि ते चांगलं धरतं कशाने? दोन्हींची उत्तरं वाणाशी जोडलेली आहेत, पण व्हिडिओत सांगतात तशी नाहीत.

आधी फळाची ओळख

आपल्या दारात असतो तो कृष्णकमळाचा वेल या फळाचा भाऊबंद. शंभर कौरव म्हणजे भोवतीच्या जांभळ्या तंतूंची झालर, पाच पांडव म्हणजे पाच पुंकेसर आणि वर ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणजे स्त्रीकेसराची तीन टोकं, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. पॅशन फ्रूटच्या फुलाची रचना हुबेहूब तशीच, रंग थोडा वेगळा. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मप्रसारकांना याच फुलात येशूच्या यातना दिसल्या आणि त्यावरून 'पॅशन' हे नाव पडलं. त्याचा आपल्या 'फॅशन'शी काही संबंध नाही, जरी बाजारात कधीकधी पाटीवर 'फॅशन फ्रूट' असं लिहिलेलं दिसतं! शोभेच्या कृष्णकमळाला मात्र हे फळ येत नाही. ती जात वेगळी आहे.

मूळ घर दक्षिण ब्राझील, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिना. आजही जगात सगळ्यात जास्त पिकवणारा आणि खाणारा देश ब्राझीलच, तिकडे याला 'माराकुजा' म्हणतात. आपल्या देशात मणिपूर, नागालँड, मिझोराम, तसंच कर्नाटकातला कोडगू, निलगिरी आणि केरळातला डोंगराळ भाग इथे याची लागवड आहे.

खाण्याच्या मुख्य जाती दोन. जांभळी जात लहान, लिंबापेक्षा थोडी मोठी, वजन साधारण ३५ ते ४५ ग्रॅम, आत काळं बी, आंबटपणा कमी आणि वास भारी. ती थंड हवेची. पिवळी जात मोठी, सरासरी ६० ग्रॅमच्या आसपास, बी तपकिरी आणि चव चांगलीच आंबट. ती सखल, उष्ण भागात तग धरते आणि मर रोगाला जास्त दाद देत नाही.

या दोघींचा संकर करून कोडगूमधल्या चेट्टळ्ळीच्या केंद्रात 'कावेरी' हा वाण तयार झाला. हे केंद्र बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं. कावेरीचं फळ जांभळंच, पण वजन ८५ ते ११० ग्रॅम. म्हणजे नुसता रंग बघून वाण ओळखता येत नाही. कावेरी निवडली गेली ती उत्पादन, फळाचा आकार आणि रोगाला टक्कर देण्याची ताकद बघून. पानावरचे तपकिरी ठिपके, बुंधा कुजणे आणि सूत्रकृमी यांचा त्रास तिला कमी होतो. खनिजं वाढवण्यासाठी तो संकर केलेला नव्हता, हे ध्यानात ठेवा. पुढे कामाला येईल.

आता लोहाचा हिशोब

अमेरिकेच्या कृषी खात्याचा अन्नघटकांचा तक्ता जगभर वापरला जातो. त्यात जांभळ्या पॅशन फ्रूटच्या १०० ग्रॅम गरात, म्हणजे बियांसकट, लोह १.६ मिलिग्रॅम दिलंय. पोटॅशियम ३४८, फॉस्फरस ६८, मॅग्नेशियम २९ आणि कॅल्शियम फक्त १२ मिलिग्रॅम. जस्त ०.१, म्हणजे नावाला.

१.६ हा आकडा फळाच्या मानाने वाईट नाही. व्हिडिओवाले हाच दाखवतात. पण १०० ग्रॅम गर म्हणजे किती फळं? त्याच तक्त्याप्रमाणे एका जांभळ्या फळात साल सोडून गर निघतो १८ ग्रॅम. म्हणजे एका फळात लोह ०.२९ मिलिग्रॅम. आपल्या आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली सांगितल्याप्रमाणे प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. करा भागाकार. शंभर फळं! दिवसाला! फळ दुप्पट-अडीचपट मोठं धरलं तरी चाळीस-पन्नास.

आणि हे बियांसकट. बहुतेक घरांत याचं काय करतात? गर काढायचा, मिक्सरला फिरवायचा, गाळणीतून गाळायचा, साखर-पाणी घालून सरबत. गाळलेल्या जांभळ्या रसाचा आकडा त्याच तक्त्यात वेगळा दिलाय. १०० ग्रॅमला लोह ०.२४ मिलिग्रॅम, म्हणजे गराच्या सहा-सात पट कमी. तंतुमय पदार्थ १०.४ ग्रॅमवरून ०.२ वर येतात. फॉस्फरस ६८ वरून १३ वर. पोटॅशियम मात्र २७८ राहतं, कारण ते रसात विरघळलेलं असतं. लोह आणि तंतू बियांच्या बाजूला असतात, आणि बिया आपण गाळणीवर ठेवून कोंबड्यांना टाकतो. हवं तर असं म्हणा, यात सगळ्यात पौष्टिक कोंबड्या होतात.

मग बिया खाव्यात का? खाव्यात, काही अपाय नाही, चावून खाल्ल्या तर कुरकुरीत लागतात. पण अख्ख्या गिळलेल्या बिया बऱ्याच अंशी तशाच बाहेर पडतात. त्यामुळे १.६ मधलं सगळं अंगी लागतं असं समजू नका.

आता जांभळी विरुद्ध पिवळी. गाळलेल्या रसाची तुलना केली तर पोटॅशियम दोन्हींत सारखंच, २७८. लोह जांभळ्यात ०.२४ आणि पिवळ्यात ०.३६, म्हणजे उलट पिवळ्यात किंचित जास्त, पण दोन्ही अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत. क जीवनसत्त्व जांभळ्यात जवळपास ३० आणि पिवळ्यात १८. रसाला केशरी रंग देणारं, शरीरात अ जीवनसत्त्व बनवणारं द्रव्य पिवळ्यात जास्त. झालं. "जांभळ्यात लोहच लोह" या वाक्यात उरलं काय? माझ्या मते खनिजांसाठी वाण निवडण्यात काही अर्थ नाही. गाळायचं की नाही गाळायचं, यानेच वाणापेक्षा मोठा फरक पडतो.

वाण बदलून खनिज वाढतच नाही असंही नाही. आपल्या सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने मुद्दाम त्यासाठी 'सोलापूर लाल' हा संकरित वाण काढला. त्याच्या ताज्या दाण्यांत १०० ग्रॅमला लोह ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम, तर आपल्या जुन्या 'गणेश' वाणात २.७ ते ३.२. बाजरीत 'धनशक्ती' हा वाण २०१२ साली महाराष्ट्रात आला, त्याच्या एका किलो धान्यात ७० मिलिग्रॅमच्या आसपास लोह. हे वाण लोह मोजून, निवडून तयार केलेले आहेत. पॅशन फ्रूटची रोपं विकणारा जेव्हा "लोहवाला वाण" म्हणतो, तेव्हा त्याला विचारा, कुणी मोजलं आणि कुठल्या वाणाशी तुलना केली?

या फळाचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. भाकरी, मेथी, चवळी यांतलं लोह आतड्यात ओढून घ्यायला क जीवनसत्त्व मदत करतं. जेवणासोबत एखादं आंबट फळ असलं तर फायदाच. पण त्यासाठी पॅशन फ्रूटच हवं असं नाही. लिंबू चालतं, आवळा त्याहून सरस आणि पेरूत तर क जीवनसत्त्व याच्या कितीतरी पट. जेवल्या-जेवल्या चहा टाळला तर तोही मोठा लाभ.

फळात खनिज जातं कसं?

हा भाग ज्यांनी वेल लावलाय त्यांच्यासाठी, जरा सावकाश वाचा.

ब्राझीलमध्ये १९७३ साली पिवळ्या जातीच्या एका हेक्टर पिकाने जमिनीतून काय काय उचललं, याची मोजणी झाली होती. सबंध वेलाने वर्षभरात साधारण २०५ किलो नत्र, १८४ किलो पोटॅशियम आणि १५२ किलो कॅल्शियम उचललं. यातलं फळांत किती गेलं? पोटॅशियम ७४ किलो, नत्र ४५ आणि कॅल्शियम फक्त ७ किलो. दीडशे किलोतलं सात! बाकी सगळं पानांत आणि वेलात अडकलं.

याचं कारण साधं आहे. कॅल्शियम पाण्याबरोबर मुळातून वर चढतं आणि जिथून पाणी हवेत उडतं तिथे जाऊन बसतं. पाणी उडतं पानांतून, म्हणून ते पानात. एकदा बसलं की तिथून हलत नाही. पोटॅशियम मात्र पानात तयार झालेल्या साखरेबरोबर फळाकडे प्रवास करतं. म्हणून पॅशन फ्रूट पोटॅशियमचं फळ आहे, कॅल्शियमचं नाही. दुधाला पर्याय म्हणून कुणी हे फळ सांगत असेल तर सोडून द्या.

शेतकऱ्यासाठी याचा अर्थ असा. पोटॅश कमी पडलं की फळ लहान राहतं, रस कमी निघतो आणि फळगळ वाढते. आपल्याकडे उलटं होतं, युरिया हाताशी असतो म्हणून तोच पडतो. वेल हिरवागार, पानं तळहाताएवढी, बघणारा म्हणतो "काय वेल आहे!" आणि फळ? नावाला. फळं धरायला लागली की नत्राचा हात आखडता आणि पोटॅशचा सैल ठेवायचा. नेमका डोस माती परीक्षण करूनच ठरवा. काळ्या जमिनीत आणि कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत एकच डोस चालत नाही. शेणखत, आच्छादन आणि पाण्याचा निचरा हे मात्र दोन्हीकडे लागतंच. बुंध्याशी पाणी साचलं की बुंधा कुजला म्हणून समजा.

बोरॉन कमी असेल तर परागकण नीट वाढत नाहीत. इथून आपण वहिनींच्या प्रश्नाकडे येतो.

फुलं शंभर, फळ शून्य

पॅशन फ्रूट फोडून बघा. आत सलग गर नसतो. प्रत्येक बीभोवती रसाची एक पिशवी असते. जेवढ्या बिया, तेवढ्या पिशव्या, तेवढा रस. आणि बी तयार होते परागकण पोचला तरच. फळ बाहेरून मोठं पण हातात हलकं, पोकळ लागतं ना, ते परागीकरण अर्धवट झाल्यामुळे असतं. आकार सालीचा, आत बियाच नाहीत. या पिकात फळाची गुणवत्ता सगळ्यात आधी इथे ठरते. खत त्यानंतर येतं.

जांभळ्या जातीला स्वतःच्याच फुलाचे पराग चालतात. एक वेल असला तरी फळ धरतं. पिवळ्या जातीला चालत नाहीत. तिला दुसऱ्या वेलाचे पराग लागतात, आणि तो वेल तिच्याच फांदीपासून केलेला असून चालत नाही. एका वेलाच्या दहा छाटण्या लावल्या तरी तो वेल एकच धरायचा. वहिनींकडे दोन रोपं होती, दोन्ही पिवळी, आणि चौकशी केली तर दोन्ही एकाच वेलाच्या छाटणीची. फुलं येणार, गळणार, पुन्हा येणार. पांडव आहेत, त्रिमूर्ती आहे, पण एकाच घरातले, त्यांचं लग्न जमायचं कसं?

परागांचं ओझं वाहणारा प्राणीही ठराविक आहे. मधमाशी या फुलापुढे लहान पडते. पराग खालच्या बाजूला आणि स्त्रीकेसर वर, ती मधूनच मध पिऊन निघून जाते. काम होतं ते काळ्या, दणकट सुतार भुंग्याने. जुन्या वाशांना, बांबूला भोकं पाडणारा, गुंग गुंग करत फिरणारा भुंगा आपण घराच्या आढ्यात बघतो, तोच हा. त्याची पाठ बरोबर परागाला घासते. म्हणून बागेच्या कडेला वाळके ओंडके, बांबूचे तुकडे ठेवायचे, तो त्यात घर करतो.

वेळही बघा. जांभळ्या जातीचं फूल पहाटे-सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटायला लागतं. पिवळ्याचं साधारण दुपारी बारानंतर उमलतं आणि रात्री मिटतं. एकदा मिटलं की पुन्हा उघडत नाही. पिवळ्या बागेत दुपारी कीटकनाशक मारलं तर भुंगा मेला आणि फळही गेलं. फवारणी करायचीच तर फूल मिटलेलं असताना करा. फुलावर पावसाचं पाणी पडलं की पराग फुटून वाया जातात, म्हणून भर पावसात फुलं असूनही फळधारणा कमी होते. त्यात वेलाचा दोष नाही.

भुंगे नसतील तर हाताने करता येतं. एका वेलाचं फूल तोडायचं, त्याचे पराग दुसऱ्या वेलाच्या फुलातल्या तिन्ही टोकांना लावायचे. तिन्हींना, एकालाच लावून सोडू नका. घरच्या दोन-चार वेलांना दुपारी पाऊण तास पुरतो. पोरांना शिकवा, त्यांना मजा वाटते.

आपल्याकडे कुठलं लावावं?

कोकण आणि घाटाखालच्या उष्ण-दमट पट्ट्यात पिवळी जात बसते. जांभळी तिथे वाढते, पण मनासारखं फळ देत नाही, तिला उंची आणि गारवा लागतो. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरसारख्या हवेत जांभळ्याचा विचार करता येईल. मधल्या उंचीच्या डोंगरपट्ट्यात कावेरी लावून बघायला हरकत नाही. मराठवाड्याच्या, विदर्भाच्या कडक उन्हात फूल जळतं, फळाला चट्टे पडतात. तिथे परसात सावलीच्या बाजूने एखादा वेल ठीक, एकरभर नको. तारेचा मांडव स्वस्त नाही, हे द्राक्षवाल्यांना विचारा.

रोप घेताना तीन गोष्टी विचारा: जात कुठली, बियाणाचं की छाटणीचं, आणि कलम असेल तर खुंट कशाचा. पिवळ्या जातीच्या खुंटावर बांधलेलं जांभळं किंवा कावेरीचं कलम मर रोगाला चांगलं तोंड देतं. कावेरीच्या फळातली बी लावून कावेरी मिळत नाही, संकर आहे तो, पुढची पिढी कशीही निघते. बियाणाची रोपं कावेरी म्हणून विकत असतील तर पुढच्या दुकानात जा.

विकत घेताना, खाताना

फूल धरल्यापासून साधारण दोन-अडीच महिन्यांनी फळ पिकतं आणि आपोआप खाली पडतं. पडलेलं फळ रोज सकाळी वेचायचं, जमिनीवर राहिलं की खराब होतं. बाजारात घेताना रंगापेक्षा वजन बघा, हातात जड लागलं पाहिजे. साल थोडी सुरकुतलेली असली तर घाबरू नका, बऱ्याच जणांना तेच गोड लागतं. मऊ पडून पाणी सुटलेलं किंवा बुरशी आलेलं मात्र नको. गुळगुळीत आणि चकचकीत फळ दिसायला छान, पण दोन-चार दिवस ठेवून खाल्लं तर आंबटपणा कमी होतो.

हिरवं कच्चं फळ आणि पानं खाऊ नयेत, त्यांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. आणि ज्यांना किडनीचा आजार आहे, डॉक्टरांनी केळी, नारळपाणी बंद सांगितलंय, त्यांनी हेही विचारल्याशिवाय खाऊ नये. १०० ग्रॅम गरात जवळपास केळ्याएवढंच पोटॅशियम आहे, आणि सरबत गाळलं तरी ते जात नाही, हे वर आलंच.

वहिनींना मी पिवळ्याचं बियाणापासून केलेलं एक रोप दुसरीकडून आणून दिलं. ते यंदा फुलावर आलं आणि जुन्या वेलांना पहिल्यांदा फळं धरली, मोजून अकरा. गोळ्यांबद्दल त्यांनी आशाताईंना खरं ते सांगितलं. त्यांनी रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर घ्यायला सांगितल्या, मळमळ बरीच कमी झाली. पुढची तपासणी पंधरा दिवसांनी आहे.